साठ पेट्या गढूळ: एका पांढऱ्या वाईनच्या फायनिंगचं प्रकरण

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या गाळ्यात भर दुपारी एक मुलगी आली. कापडी पिशवीत तीन बाटल्या, प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, मामांनी सांगितलंय, आधी खरं काय ते सांगा, बिलाचं मग बघू."

मामा म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या वाईनरीचे मालक. मूळचे द्राक्षबागायतदार. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. भाची मुलुंडला राहते आणि मुंबईची विक्री बघते. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, दोन माणसांची प्रयोगशाळा चालवते. सरबतं, लोणची, व्हिनेगर, मध असलं सगळं तपासायला येतं, आणि अधूनमधून वाईन. हे प्रकरण आप्पांच्या परवानगीनं लिहितेय. वाईनरीचं आणि वितरकाचं नाव घालणार नाही. आकडे माझ्या वहीतले आहेत.

एक बाटली खिडकीशी धरली. तांदळाचं दुसरं धुवण पेल्यात घ्यावं, तशी दिसत होती. पिशवीतलाच वर्तमानपत्राचा कागद बाटलीमागे धरला तर मथळा वाचता येत होता, बातमी वाचता येत नव्हती. तळाशी गाळ जवळजवळ नाहीच. झाकण उघडून वास घेतला: पेरू, थोडा अननस, कुठे आंबूस किंवा कुजकट काही नाही. चवीला मागून किंचित कडसर, बाकी बरी. म्हणजे पिणाऱ्याला काही होणार नव्हतं. पण साडेसातशे-आठशेची बाटली घेणारं गिऱ्हाईक पेल्यात धुवण दिसल्यावर वास घ्यायला थांबत नाही. वांद्र्याच्या एका रेस्टॉरंटनं एका संध्याकाळी चार बाटल्या परत केल्या होत्या, तिथून हे सुरू झालं.

वाईन होती शेनिन ब्लांक, त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची, याच हंगामाची. एकूण लॉट ४,००० लिटरचा. त्यातले १,४८५ लिटर एप्रिलमध्ये बाटल्यांत भरले, १२ बाटल्यांची एक अशा १६५ पेट्या झाल्या. ६० पेट्या मुंबईला आल्या, १०५ वाईनरीच्या थंड खोलीतच होत्या, आणि उरलेलं अडीच हजार लिटर टाकीत. मुंबईतल्या साठच्या साठ पेट्यांत कमीजास्त गढूळपणा, वाईनरीतल्या १०५ पेट्या मात्र चकचकीत. साहजिकच वाईनरी म्हणत होती की वितरकानं माल तापवला, आणि वितरक म्हणत होता की मालच खराब आला. भाची दोघांच्या मध्ये सापडली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गोदाम बघायला गेले. कुर्ल्याकडचा जुना गाळा, वर सिमेंटचा पत्रा, एक पंखा, तोही माणसांसाठी. दुपारी अडीच वाजता सगळ्यात वरच्या फळीवर थर्मामीटर ठेवला तर ३९ अंश, जमिनीलगत ३५. वरच्या फळीवरच्या बाटल्या जास्त गढूळ होत्या, खालच्या कमी. वितरकाला मी एवढंच म्हटलं की पांढरी वाईन अशी ठेवतात का. तो म्हणाला, "मॅडम, मुंबईत वाईनला एसी आणि माणसाला पंखा?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. उन्हाळ्यात मुंबईत माल असाच राहणार हे धरूनच वाईन तयार व्हायला हवी. उष्णतेनं फक्त दडलेलं बाहेर काढलं होतं. काय दडलं होतं, ते मला शोधायचं होतं.

काय नव्हतं

आप्पांचा पहिला संशय यीस्टवर. बाटलीत पुन्हा आंबायला लागली असेल म्हणाले. तसं असतं तर झाकण उघडताना फुस्स झालं असतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फुटवे आलेल्या पेशी दिसल्या असत्या. ४०० पट मोठं करून पाहिलं, पेशी नाहीत, जिवाणूंच्या साखळ्या नाहीत. नुसते आकार नसलेले, पिंजलेल्या कापसासारखे बारीक कण.

वाईनरीतला तरुण वाईनमेकर फोनवर म्हणाला, टार्टरेट, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाचा क्षार, असेल. टार्टरेटचे खडे जड असतात, खाली बसतात, उजेडात साखरेसारखे चमकतात आणि कोमट केलं की विरघळतात. इथे बाटली कोमट पाण्यात ठेवली तर गढूळपणा तसूभर हलला नाही. पेक्टिनसाठी आम्लयुक्त अल्कोहोलची चाचणी केली, तार आली नाही. तांबं-लोखंडाचाही प्रश्न नव्हता, ते तपासून झालं.

उरला संशय द्राक्षातल्या प्रथिनाचा. त्यासाठी नेहमीची उष्णता चाचणी. वाईन ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळायची म्हणजे असलेला गढूळपणा निघून जातो. मग ८० अंशांवर २ तास ठेवायची, गार करायची आणि आधीच्या व नंतरच्या गढूळपणातला फरक मोजायचा. एकक एनटीयू. फरक २ च्या आत असला तर वाईन स्थिर समजतात. मुंबईतल्या बाटलीतला फरक आला १९. वाईनरीतून बर्फाच्या डब्यात मागवलेल्या 'चकचकीत' बाटलीतला आला २२. त्या १०५ पेट्याही आज ना उद्या गढूळ होणारच होत्या, फक्त अजून त्यांना मुंबई लागली नव्हती.

हा आकडा कळवला तेव्हा आप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बारीक फिल्टर मारून टाकू परत."

नाही चालणार. पडदा अडवतो ते जमलेले कण. न जमलेलं प्रथिन वाईनमध्ये विरघळलेलं असतं, ते पडद्यातून बिनदिक्कत निघून जातं आणि पुढच्या उकाड्यात परत गोळा होतं.

प्रथिन कुठून येतं आणि कसं निघतं

द्राक्षाचा वेल बुरशीशी लढायला काही प्रथिनं बनवतो. त्यातल्या दोन जाती वाईनला छळतात. एक कायटिनेज, बुरशीच्या भिंती फोडणारं. दुसरी थॉमॅटिनसदृश, आफ्रिकेतल्या एका फळातल्या गोड प्रथिनाशी रचना जुळते म्हणून ते नाव, गोडी मात्र नाही. बाकीची बरीच प्रथिनं आंबवताना मोडतात. ही दोन चिवट, वाईनच्या आम्लातही टिकतात. कायटिनेजची घडी साधारण ५५ अंशांच्या आसपास उलगडते, पण ३५-४० अंशांतही हे काम हळूहळू चालू राहतं, आठवडे लागतात इतकंच. उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, कण मोठे होतात, उजेड विखुरतो आणि वाईन गढूळ दिसते.

ती काढायची तर विजेच्या हिशोबानं काढायची. वाईनचा पीएच ३ ते ३.६, त्यात या प्रथिनांवर धन भार असतो. म्हणून ऋण भाराचं काहीतरी घालायचं की दोघं मिठी मारून तळाशी बसतात. आपल्याकडे ही रीत जुनीच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, निवळीचं बी मातीच्या घागरीच्या आतून घासतात, कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उकळत्या रसात रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात. प्रत्येकाची रसायनं वेगळी, पण सगळीकडे एक काहीतरी दुसऱ्याला धरून बाजूला नेतं. वाईनरीत या कामाला फायनिंग म्हणतात. मला निवळण हा शब्द आवडतो, पण फोनवर निवळण म्हटलं की समोरचा विचारतो, "काय म्हणालात?"

पांढऱ्या वाईनच्या प्रथिनासाठी जगभर जे वापरतात ते बेंटोनाइट. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती, मुख्यतः माँटमोरिलोनाइट. पत्त्यांच्या जोडासारखे तिचे थर, पाण्यात टाकली की थर फुगून सुटे होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार. अमेरिकेतल्या वायोमिंगचं सोडियम बेंटोनाइट नावाजलेलं, आपल्याकडे कच्छात आणि बाडमेरला खाणी आहेत. इथे भाचीनं एक भाबडा प्रश्न विचारला: मेट्रोच्या खोदकामावर पोती दिसतात ती हीच का? हो, मातीची जात हीच. पायलिंगच्या खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून तिचाच राडा भरतात. पण ते पोतं वाईनला चालत नाही. त्यात वाळू, जड धातू, काय काय असू शकतं. खाद्य दर्जाचं, वाईनसाठी शुद्ध केलेलंच घ्यायचं.

आप्पांना मी वेसाव्याची हे माहीत आहे. म्हणाले, "तुमच्या कोळीवाड्यात ते माशाच्या पोटातलं मिळतं ना, त्यानं वाईन चमकते म्हणतात. ते टाकू." त्यांना घोळीचा बोत म्हणायचा होता. आमच्याकडे घोळ लागली की आधी बोत काढून जपून वाळवतात, मासा नंतर. बोताला व्यापारी काय भाव देतात ते बंदरावर सगळ्यांना ठाऊक असतं. माशांच्या या हवेच्या पिशव्यांपासून आयसिंगलास करतात आणि पांढऱ्या वाईनला त्यानं खरंच झळाळी येते. पण आयसिंगलास हे स्वतःच प्रथिन, त्याच्यावरही धन भार. अंड्याचा पांढरा, दुधातलं केसिन, जिलेटिन ही सगळी त्याच घरातली. ती टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश, धरतात. म्हणून लाल वाईनच्या २२५ लिटरच्या पिंपात तीन ते सहा अंड्यांचा पांढरा चिमूटभर मीठ घालून फेटून टाकायची जुनी पद्धत आहे, वाईनचा तुरटपणा मऊ होतो. प्रथिनानं प्रथिन काढायला जाणं म्हणजे सांडलेलं तेल तेलानं पुसणं.

हे बोलता बोलता आप्पा सहज म्हणाले, "जिलेटिन तर घातलं होतं की आपण."

वहीतली पानं

तोवर मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं की बेंटोनाइट घातलं होतं आणि उष्णता चाचणी पास होती. दोन्ही खरं होतं. वाईनमेकरकडून टाकीच्या नोंदवहीच्या पानांचे फोटो मागवले आणि सगळा क्रम समोर आला.

मार्चमध्ये टाकीत होती ३,४०० लिटर वाईन, मुक्त, म्हणजे न दाबता निघालेल्या, रसाची आणि हलक्या दाबाच्या रसाची. तिला लिटरला ०.६ ग्रॅम बेंटोनाइट घातलं, बसू दिलं, वरची वाईन काढून घेतली, चाचणी केली. फरक १.२. पास. पानावर लाल शाईनं 'हीट स्टेबल' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

नऊ दिवसांनी मागणी जास्त दिसली म्हणून हार्ड प्रेसची, म्हणजे साली पार पिळून निघालेल्या रसाची, ६०० लिटर वाईन त्याच टाकीत ओतली. तिच्यात बेंटोनाइट कधी घातलंच नव्हतं. हार्ड प्रेसच्या रसात सालींतली फिनॉलं, म्हणजे कडू-तुरट घटक, जास्त, आम्लता कमी. टाकीचा पीएच ३.३२ वरून ३.४१ वर गेला. पीएच हलला की प्रथिनांवरचा भार हलतो, म्हणजे जुना ३,४०० लिटरचा निकालही तिथेच शिळा झाला.

वाईन कडू लागायला लागली. कडूपणा घालवायला जिलेटिन. पाकिटावर हेक्टोलिटरला, म्हणजे १०० लिटरला, ५ ते १५ ग्रॅम लिहिलेलं. वाईनमेकरनं ८ घेतलं. का, तर "मध्यावरचं घेतलं, ताई." तो आकडा लाल वाईन डोळ्यांसमोर ठेवून छापलेला असतो. पांढऱ्या वाईनमध्ये टॅनिन इतकं थोडं असतं की हार्ड प्रेस मिसळूनही ८ ग्रॅम जिलेटिनला पकडायला जोडीदार पुरे पडत नाहीत. जोडीदार न मिळालेलं जिलेटिन वाईनमध्ये विरघळून राहतं. याला ओव्हरफायनिंग म्हणतात. यावर उपाय असतो, जिलेटिनच्या जोडीला सिलिका सोल घालायचं. ते ऋण भाराचं, उरलेलं जिलेटिन घेऊन खाली बसतं. ते घातलं नव्हतं. चार दिवसांनी फिल्टर आणि मग बाटल्या.

'हीट स्टेबल' हा शिक्का ज्या वाईनवर मारला ती वाईन बाटलीत गेलीच नव्हती. मध्ये दोन गोष्टी आत शिरल्या होत्या आणि त्यांच्यानंतर कुणी ८० अंशांचं पाणी तापवलं नव्हतं. वाईनमेकर पोरगा हुशार आहे, मन लावून काम करतो, आणि वही खोटी नव्हती. म्हणून तर चूक सापडली.

पण जिलेटिन खरंच उरलं आहे, हे दाखवायला हवं होतं. उष्णता चाचणीत ते दिसत नाही. द्राक्षाचं प्रथिन तापवल्यावर गोळा होतं, जिलेटिन उलट गरम पाण्यात सुखानं विरघळतं. म्हणून दोन पायऱ्या केल्या. आधी ८० अंशांवर तापवून द्राक्षाचं प्रथिन गोळा केलं, गार करून गाळून टाकलं. काचेसारखी स्वच्छ वाईन उरली. तिच्यात टॅनिनच्या द्रावणाचे थेंब सोडले. दोन मिनिटांत परीक्षानळीत पांढरा धूर पसरावा तशी ती दुधाळली. आता शंका अशी की कुठल्याही वाईनमध्ये असं होईल का? सुदैवानं वाईनमेकरनं मार्चमधल्या, हार्ड प्रेस मिसळण्याआधीच्या वाईनची एक बाटली राखून ठेवली होती. तिच्यावर सगळं तसंच केलं. टॅनिन घातल्यावरही ती जशीच्या तशी. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून फोटो काढला आणि आप्पांना पाठवला. उत्तर आलं: "कळलं."

मुंबईतल्या गढूळपणात द्राक्षाच्या प्रथिनाचा वाटा किती आणि जिलेटिनचा किती, ते मी मोजलं नाही. मोजायची गरज पडली नाही, कारण बेंटोनाइट दोघांनाही धरतं. म्हणूनच रीत अशी की जिलेटिन आधी, बेंटोनाइट मागून. बेंटोनाइट मागाहून आलं असतं तर हार्ड प्रेसही निस्तरलं असतं आणि जिलेटिनचा मध्यही.

टेबलावरच्या सात नळ्या

फायनिंगचा डोस पुस्तकात नसतो, पाकिटावर नसतो. तो त्याच वाईनच्या १०० मिलीत सापडतो. वाईनरीत वापरणार तेच पोतं, तेवढीच दाट स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेली माती. वाईनमेकर स्वतः बेंटोनाइटची पुडी घेऊन पहाटेच्या गाडीनं आला.

स्लरी ५ टक्क्यांची. ६० अंशांचं पाणी ढवळत ठेवायचं आणि त्यावर माती चाळणीतून भुरभुरवायची, पिठलं करताना बेसन भुरभुरवतो तशी. उलटं केलं, मातीवर पाणी ओतलं, की गुठळ्या होतात, बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या, आणि कोरडी माती काहीच धरत नाही. रात्रभर फुगू द्यायची. सकाळी ती पातळ खिरीसारखी, चमच्यावरून सलग ओघळणारी झाली पाहिजे. पहिली खेप आमची गुठळ्यांचीच झाली. पोरगा घाईत होता, मी फोनवर होते. टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी सात मोजनळ्यांत १०० मिली वाईन आणि स्लरी अनुक्रमे ०, ०.४, ०.६, ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिली. म्हणजे लिटरला ०, ०.२, ०.३, ०.४, ०.५, ०.६ आणि ०.८ ग्रॅम बेंटोनाइट. हलवून ठेवल्या. प्रथिन धरायचं काम काही मिनिटांतच होतं, वेळ लागतो तो खाली बसायला. दुसऱ्या दिवशी वरची वाईन गाळून प्रत्येकीची उष्णता चाचणी. फरक आले २२, ११, ५.८, २.७, १.३, ०.९ आणि ०.६. टॅनिनची चाचणीही केली. ०.४ पर्यंत हलकी दुधाळी, ०.५ ला स्वच्छ.

आकडे पाहून वाईनमेकर म्हणाला, ०.८ घालू, सेफ राहील. मी दोन पेले त्याच्यासमोर ठेवले, ०.५ चा आणि ०.८ चा, कुठला कुठला ते न सांगता. त्यानं वास घेतला, परत घेतला, आणि एक पेला सरकवला: "ह्यात पेरू नाही राहिला." तो ०.८ चा होता. बेंटोनाइट प्रथिनाबरोबर वासाचेही काही धागे ओढून नेतं. म्हणून पुरेसं होईल तिथेच थांबायचं. ०.५ ठरलं.

मागचा कडसरपणा राहिलाच होता. त्यासाठी पीव्हीपीपी करून पाहिलं, लिटरला ०.२ ग्रॅम. हा कृत्रिम, न विरघळणारा बहुवारिक (पॉलिमर), फिनॉलं धरतो आणि गाळताना पूर्ण निघून जातो. कडूपणा निम्म्यानं उतरला, त्याचबरोबर वाईन जरा पाणचटही वाटली. आप्पांना नमुना पाठवला. त्यांचा निरोप आला, "राहू दे तेवढं कडू. लोक कारलं खातातच." मला वाटतं त्यांनी बरोबर केलं. एका लॉटला तीन-तीन वेळा घासून पुसून हाती फक्त आंबट पाणी उरलेलं मी पाहिलेलं आहे.

टाकीत

१०५ पेट्यांचं काय? त्या तशाच विकायच्या आणि थंड ठेवा म्हणून चिठ्ठी लावायची, असा एक विचार निघाला होता. कुर्ल्याचा पत्रा पाहिलेल्या भाचीनंच तो उडवून लावला. शेवटी १,२६० बाटल्यांची झाकणं उघडून वाईन परत टाकीत घ्यायचं ठरलं. जीव तुटतो असं काम. टाकीत वर कार्बन डायऑक्साइडचा थर ठेवून, नळी तळाशी सोडून, शक्य तितकी हवा टाळून दीड दिवस ते चाललं. ९४५ लिटर मिळाले, टाकीत झाले ३,४४५.

मी म्हटलं, आता परत नमुना पाठवा, डोस परत बघू. आप्पा वैतागले. वाईन तीच, बाटलीतली टाकीत गेली, यात बदललं काय? बहुधा काहीच नाही. तरी पाठवा म्हटलं. चाचणीत आकडा तोच आला, ०.५. आप्पांनी फोनवर हसून विचारलं, याचं बिल वेगळं का. वेगळं लावलं नाही. पण वाईन टिकवणारा मोकळा सल्फर डायऑक्साइड मात्र हवेनं लिटरमागे १५ मिलिग्रॅमनं उतरला होता, तो त्या नमुन्यामुळेच कळला. ९० ग्रॅम केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घालून भरून काढला.

बेंटोनाइट लागलं १.७२ किलो, स्लरीतलं पाणी सुमारे ३४ लिटर. एक टक्का पाणी वाईनमध्ये जातं हे आप्पांना खटकलं, मलाही फार आवडत नाही. स्लरी वाईनमध्येच भिजवली तर पाणी वाचतं, पण माती नीट फुगत नाही आणि मग जास्त घालावी लागते. पाण्यावर राहिलो. पंपानं टाकी फिरती ठेवून स्लरी बारीक धारेनं सोडली, अर्धा तास ढवळली, मग शीतकरण चालू केलं. टार्टरेटचे खडे बसताना मातीचा थरही दाबून घट्ट करतात, म्हणून दोन्ही एकदम. नऊ दिवसांनी तळाशी साधारण १७० लिटर चिखल. तो वेगळ्या टाकीत परत बसवून त्यातलं ११० लिटर वाईन मिळवलं, बाकी गेलं. गाळल्यानंतर, भरण्याच्या आदल्या दिवशी, शेवटची चाचणी झाली. फरक १.४.

मुंबईतल्या साठ पेट्यांपैकी नऊ आधीच विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या परत नेण्याचे उत्पादन शुल्क खात्याचे कागद व्हायला पाऊस सुरू झाला.

भाचीचं पत्रक

प्रकरण इथे संपलं असं मला वाटलं होतं. नव्या बाटल्या आल्यावर भाची पत्रकाचा मसुदा दाखवायला आली. घाटकोपर-मुलुंडच्या लग्नांची कामं घेणाऱ्या एका केटररसाठी तिनं तो केला होता, आणि तिसऱ्याच ओळीत ठळक अक्षरांत 'संपूर्ण शाकाहारी'. मी विचारलं, हे कशावरून? म्हणाली, "ताई, द्राक्षं आणि माती. अजून काय आहे त्यात?"

जिलेटिन. जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचं. बेंटोनाइटनं ते ओढून नेलं, आमच्या टॅनिन चाचणीत ते दिसत नाही, हे सगळं खरं. पण टाकीत ते पडलं होतं हे कुठल्याही चाचणीनं पुसता येत नाही, आणि जैन गिऱ्हाईक विचारतं ते काय उरलं एवढंच नाही, काय वापरलं तेही विचारतं. युरोपीय संघात २०१२ पासून अंडं किंवा दूध फायनिंगला वापरलं आणि त्याचा अंश सापडला, तर लेबलवर लिहावं लागतं. तिथला मुद्दा ॲलर्जीचा आहे. घाटकोपरच्या पंगतीतला मुद्दा वेगळा. ती बराच वेळ पत्रकाकडे बघत बसली. मग म्हणाली, आत्तापर्यंत चार जणांना तोंडी सांगून झालंय. मी म्हटलं, त्या चौघांना फोन कर. तिनं तीन फोन माझ्यासमोर केले. चौथ्यानं उचलला नाही.

ती ओळ त्या लॉटपुरती निघाली. आप्पांना मी सुचवलं, पुढच्या हंगामात हार्ड प्रेसचा कडूपणा घालवायचाच असेल तर वाटाण्याच्या किंवा बटाट्याच्या प्रथिनाची पाकिटं मिळतात, ती वेगळ्या टाकीत, मिसळण्याआधी आणि बेंटोनाइटच्या आधी वापरून बघा. जिलेटिनइतकी ती सगळ्याच वाईनना लागू पडतात असं नाही, पण बघायला १०० मिली लागतात. ते हो म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे विषय बदलून.

नव्या भरण्यातल्या सहा बाटल्या मी गाळ्याच्या पोटमाळ्यावर ठेवल्या होत्या, पत्र्याच्या अगदी खाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात उतरवल्या तेव्हा मागचं वर्तमानपत्र बातमीसकट वाचता आलं.

फेब्रुवारीत मुंबईच्या रात्रीच्या बसनं एक थर्माकोलचा डबा आला. आत पाण्याच्या पाव लिटरच्या चार बाटल्या, प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर वाईनमेकरचं गिचमिड अक्षर: 'हार्ड प्रेस. वेगळी टाकी. अजून काही घातलं नाही.'